वरच्या थरातली वीट

फेब्रुवारी लागला की मी भिंतींना टेकत नाही. एरवी वर्षभर टेकते. साइटवर डबा खाताना टेकते, एसटी स्टँडवर टेकते, घरी बापूंशी भांडतानाही टेकते. पण हवा कोरडी होऊ लागली, ओठ फुटायला लागले आणि बारावीच्या पोरांच्या प्रॅक्टिकलच्या तारखा लागल्या, की पाठ आपोआप दोन बोटं पुढे सरकते. समोरचा माणूस भिंतीला रेलून बोलत असला, तर त्याच्या बोलण्याकडे माझं लक्ष राहत नाही. ते त्याच्या पाठीमागच्या सांध्यांवरून फिरत राहतं.

परवा शिरूरहून दौंडला येणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. गणवेश घामानं मानेला चिकटलेला, मांडीवर दप्तर, आणि दप्तराच्या अर्धवट चेनमधून एक दोरी बाहेर लोंबत होती. ती दोरी मी कुठेही ओळखेन. ओळंब्याची. दोरीच्या टोकाला पितळी गोळा असतो, आणि भिंत सरळ उभी आहे की कललीय ते तोच सांगतो. खड्डा आला की तो गोळा आतल्या डब्यावर आदळून टण् वाजायचा. मुलगी दचकायची, दप्तर पोटाशी आवळायची. तिचे ओठ हलत होते. ती काय पुटपुटत असणार ते मला माहीत होतं. एक थर उभा, एक थर आडवा, कोपऱ्याला क्लोजरची कापलेली वीट, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.

माझ्याही पोटात तोच गोळा आदळला. टण्.

बारावीपर्यंतची दोन वर्षं मी याच रस्त्यानं रोज गेले. दौंडहून सकाळची गाडी, भीमा ओलांडली की उसाचे फड, मग न्हावऱ्याच्या बाजूचं ते हायस्कूल. हायस्कूलच्या मागे पत्र्याची शेड होती आणि तिच्या दारावर ऑइलपेंटनं ‘बांधकाम विभाग’ असं लिहिलेलं होतं. सायन्सला ज्यांना मार्क पुरले नाहीत ती पोरं तिथं यायची. मुली दोनच, मी आणि रेश्मा. रेश्माच्या आज्याची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली. घरात पहिली पक्की खोली बांधली तेव्हा गवंडी काम अर्धं टाकून पळाला होता. म्हणून रेश्मा आली होती, ती खोली पुरी करायला. तिचं कारण असं सरळ होतं.

माझं कारण पत्रकात होतं. बापू, माझे वडील, दौंडात एका छोट्या छापखान्यात कामाला. लग्नपत्रिकांवर छापखाना चालायचा, आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या कागदावर बापू पत्रकं छापायचे. बांधकाम मजुरांची, वीटभट्टीवरच्या बायांची, सफाई कामगारांची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. ‘आम्ही मागणी करतो की’ हे शब्द मला ‘कमळ, बदक’च्याही आधी वाचता येत होते. आमचं घर रुळाजवळ. मालगाडी गेली की भांडी वाजायची, भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, आणि मी झोपल्या जागी हात भिंतीला लावून बघायचे, थांबली का. अशी हलत्या भिंतीत मी वाढले. एका सभेत कुणीतरी म्हणालं की घरं बांधणाऱ्यांवर आजवर त्यांनीच लिहिलंय ज्यांनी कधी वीट उचलली नाही, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं. मी ठरवलं, उचलायची.

उचलली, आणि पहिल्याच आठवड्यात बोटांची सालं निघाली.

त्या शेडमधली भिंत ही खरी भिंत नसते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. शिकाऊ भिंत मातीच्या गाऱ्यात बांधतात. सिमेंट परवडत नाही हे एक कारण, आणि विटा परत हव्या असतात हे दुसरं. सकाळी बांधायची, सरांनी ओळंबा आणि काटकोन बघायचा गुण्या लावून मार्क द्यायचे, आणि दुपारी आपणच बांधलेली भिंत आपणच काढायची. आमचे बोत्रे सर ‘पाडायची’ म्हणू द्यायचे नाहीत. एकदा सोमनाथ नावाच्या पोरानं आपल्या भिंतीला लाथ घातली, तर सरांनी त्याला शेडबाहेर काढलं. म्हणाले, “पाडतो तो गुंड. गवंडी भिंत उतरवतो.”

म्हणून आम्ही भिंती उतरवायचो. वरच्या थरापासून, दोन्ही हातांनी, एकेक वीट बाळासारखी उचलून, गारा खरवडून, थप्पी लावून. त्या विटा आमच्या आधीच्या कितीतरी पोरांच्या हातांतून गेल्या होत्या. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आणि प्रत्येक तुकडी जाताना खिळ्यानं विटांवर नावं कोरून जायची. विकास, राणी, ए.बी.जी., एकीवर बदामात दोन अक्षरं. भिंत बांधताना आम्ही एकमेकांना सांगायचो, जरा तो विकास दे. राणीला कोपऱ्यावर ठेव. त्या विटा आम्हांला पाठ झाल्या होत्या.

दोन वर्षांत मी किती भिंती बांधल्या कुणास ठाऊक. त्यातली एकही संध्याकाळी उभी नव्हती. तेव्हा याची मजा वाटायची. आता वाटतं, धोका तिथंच मुरत होता. जी भिंत दुपारी निघायचीच आहे तिच्यावर विसंबायची वेळच येत नाही. वाकडी लागलेली वीट अर्ध्या तासानंही हलवून सरळ करता येते. माती तक्रार करत नाही. हाताला क्षमेची सवय लागते.

एकदा सर आम्हांला इनामगावला घेऊन गेले. घोड नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली तिथं. आम्हांला वाटलं भिंती बघायला मिळतील. होतं काय, तर शेत, बाभळी आणि वारा. सर म्हणाले की इथंही मातीचीच घरं होती, पडायची, लोक त्याच जागी पुन्हा बांधायचे. सोमनाथनं विचारलं, “म्हंजी त्यांचंबी प्रॅक्टिकलच चाललं हुतं का सर?” सगळे हसले. मी नदीकडे बघत राहिले. मला आत झोपलेली माणसं दिसत होती. पडायची म्हणजे कुणावर पडायची, हे कुणी विचारलं नाही.

आमच्या शाळेत मुलींचा संडास होता, पण मैदानाच्या अंगाला आणि समोर आडोसा नव्हता. दार उघडलं की क्रिकेट खेळणारी पोरं दिसायची, म्हणजे त्यांनाही आम्ही दिसायचो. त्यामुळे मुली जायच्या नाहीत, आणि जायला लागू नये म्हणून पाणी प्यायच्या नाहीत. सकाळच्या गाडीनं आलेली पाचवीतली पोरगी दुपारच्या गाडीनं घरी जाईपर्यंत कोरडी. मी बारावीच्या दिवाळीनंतर पत्रक लिहिलं. ‘आम्ही पाणी का पीत नाही?’ असं त्याचं नाव. बापूंनी ते पिवळ्या कागदावर छापलं, लग्नपत्रिकांच्या कापून उरलेल्या. मी ते शाळेच्या गेटवर, एसटीत, सोसायटीच्या पारावर वाटलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सुनावलं. बोत्रे सरांना जास्त सुनावलं. सर तासिका तत्त्वावर होते. त्यांच्या खुर्चीला हात नव्हते आणि नोकरीलाही.

पण पत्रक लागलं. शाळेच्या समितीचे चेअरमन आप्पा, मोठे बागायतदार, साऱ्या गावात त्यांचा शब्द चालायचा, त्यांची नात आमच्या शाळेत सहावीला होती. त्यांनी सिमेंट आणि वाळू पाठवून दिली. निरोप एवढाच होता की बांधकामाची पोरं हायेत ना, त्यांनीच आडोशाची भिंत बांधावी, परीक्षेच्या आधी व्हावी.

खरी भिंत. सिमेंटातली. न उतरवायची.

विटा आप्पांनी पाठवल्या नव्हत्या, आणि आम्हांला त्या नकोच होत्या. आम्ही ठरवलं, आपल्याच विटा लावायच्या. विकास, राणी, बदामवाली, सगळे. सगळ्यांची नावं मुलींच्या आडोशाला कायमची लागतील. मला तर त्यात पुढच्या पत्रकाचा शेवट दिसत होता. टँकर एक दिवसाआड यायचा, प्यायचंच पाणी पुरायचं नाही, तेव्हा विटा भिजत घालायचा विषय निघाला आणि विरला. सर त्या दिवसांत अर्धा वेळ पुण्याला, करार वाढवायच्या खेपांवर. आम्ही आमच्या सवयीनं बांधत गेलो. कोरड्या विटा, सुंदर सांधे, वीट जराशी बाहेर वाटली की मागाहून हातोडीच्या दांड्यानं टुकटुक करून आत. ओळंबा लावला तर दोरी भिंतीला कुठं शिवायची नाही आणि कुठं सुटायची नाही. छातीएवढी झाली, डोक्याएवढी झाली, डोक्याच्या वर गेली. मुलींनी तिच्या पायथ्याशी रांगोळी काढली.

चौथ्या दिवशी टँकर आला होता आणि रेश्मा त्यातलं थोडं पाणी भिंतीवर मारत होती. पाइप टेकवायला तिनं वरच्या थरावर ठेवला आणि कोपऱ्याची वीट हलली. तिनं मला हाक मारली नाही. मी बघितलं तेव्हा तिनं ती वीट दोन्ही हातांनी, आम्हांला शिकवलं होतं तशी, उचलून घेतली होती. वीट स्वच्छ होती. तिला सिमेंटचा कणही चिकटलेला नव्हता. खाली भिंतीवर सिमेंटचा थर तव्यावरच्या भाकरीसारखा कोरडा पडला होता, आणि त्याच्यावर उलट्या अक्षरांत राणीचं नाव उमटलं होतं.

“आपल्या विटावानी निघाली,” रेश्मा म्हणाली. “उतरवायच्या भिंतीवानी.”

आम्ही शेजारची वीट बघितली. तीही निघाली. मग कुणालाच पुढची बघायचा धीर झाला नाही.

सर आले, त्यांनी वीट नखानं खरवडली. नखात पिवळी माती आली. वर्षानुवर्षांच्या गाऱ्याची साय त्या विटांवर बसली होती, आम्ही तिला विटेचा रंग समजत होतो. सिमेंटनं विटेला धरलंच नव्हतं, त्या मातीला धरलं होतं. आणि जे थोडंफार धरलं असतं, तेही कोरड्या विटांनी त्यातलं पाणी शोषून आणि आम्ही मागाहून टुकटुक करून सोडवलं होतं.  सर इतकंच म्हणाले की ही आपल्यापैकी कुणा एकाची नाही, सगळ्या शेडची चूक आहे. 

त्या दुपारपासून मी नीट जेवले नाही. भिंत दिसायला इतकी देखणी होती. पोरी तिच्या मागे जायला लागल्या होत्या. वारा सुटला की मी वर्गातून उठून खिडकीशी जायचे. मैदानावर चेंडू फिरला की माझा जीव त्या चेंडूबरोबर फिरायचा. आम्ही तिच्यापुढे बाक आडवे लावले, दोरी बांधली. पोरी दोरीखालून वाकून जायच्या. त्यांना एवढ्या दिवसांनी आडोसा मिळाला होता, दोरीला कोण विचारतं. आणि मीच तर त्यांना सांगितलं होतं, पाणी प्या, घाबरू नका.

भिंत उतरवायची म्हटलं तर आप्पांनी रविवारी उद्घाटन ठरवलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, वरनं एक थर काढून पुन्हा चिकटवा. सरांना त्यांनी आत घेऊन काय सांगितलं ते आम्हांला कळलं नाही, पण बाहेर आल्यावर सर आमच्याकडे बघत नव्हते. मी घरी येऊन पत्रक लिहायला बसले. तीन मथळे झाले. बापूंनी ते वाचले, चष्मा काढला.

“चांगलं लिवलंय,” म्हणाले. “छापून, वाळवून वाटंस्तवर मंगळवार उजाडंल. भिंत तवर थांबंल का, ते इचारलं का तिला?”

मी त्यांच्यावर चिडले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मागण्या त्यांनीच मला शिकवल्या होत्या, आणि आता तेच मला कागद खाली ठेवायला सांगत होते. पण कागद खाली ठेवला. शनिवारी मी आणि रेश्मा सरांना घेऊन आप्पांच्या मळ्यावर गेलो. रेश्मानं ती वीट ओढणीत गुंडाळून आणली होती.

आप्पा गोठ्याच्या ओट्यावर बसले होते. सर बोलायला लागले आणि अडखळले. मी बोलायला लागले आणि माझ्या बोलण्याचं पत्रक झालं. मुलींची सुरक्षितता, संस्थेची जबाबदारी. आप्पा ऐकून घेत होते, पण नजर माझ्या पलीकडे होती. रेश्मानं ओढणी सोडून वीट त्यांच्या हातात दिली.

“आप्पा, ही भितीतनं निघाली,” ती म्हणाली. “हातानं. जोर न लावता.”

त्यांनी वीट उलटीपालटी केली, अंगठा फिरवला. आतून त्यांच्या नातीचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. 

“पत्रिका वाटल्यात,” आप्पा म्हणाले. “तालुक्याचे लोक येनारेत. फीत कापू. आन् मंडळी गेली की लगीच उतरवा. नव्या विटा मी देतो.”

“आणि तेवढा वेळ?” मी विचारलं.

“तेवढा वेळ काय व्हतंय?”

सरांनी हळूच माझा हात धरला. त्यांचा करार अजून वाढायचा होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि गप्प झाले. त्या गप्प होण्याबद्दल मी अजून स्वतःशी भांडते. माझ्यातली पत्रकवाली म्हणते, तिथंच नाही म्हणायला हवं होतं. माझ्यातली गवंडी म्हणते, भिंत उतरणार होती, तेवढं मिळालं. दोघींचं जमत नाही.

रविवार. ऊन, मांडव, माइकची शिट्टी. भिंतीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, आणि त्या खिळे ठोकून लावतील म्हणून सोमनाथ सकाळपासून दोरा घेऊन पहारा देत होता. लहान मुलींना स्वागतगीतासाठी भिंतीपुढेच उभं केलं. फोटो चांगला येतो म्हणून. मुख्याध्यापकांना आम्ही विनवलं, ते म्हणाले, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मग आम्ही, शेडमधली सगळी पोरं, मुलींच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभे राहिलो. फोटोत आमची रांग दिसते. पाहुण्यांना वाटलं, बांधणाऱ्यांचं कौतुक म्हणून उभं केलंय.

पाच मिनिटं नव्हती ती. एक भाषण, दुसरं भाषण, स्त्रीशिक्षण, संस्कार, आप्पांचं दातृत्व. माझी पाठ भिंतीपासून दोन बोटांवर होती. मी श्वास वर घेत होते, तोही हळू. माळांची पानं वाऱ्यानं विटांवर घासत होती, आणि त्या खरखरीत मला प्रत्येक वेळी सुरुवात ऐकू येत होती. शेजारी रेश्मा. तिनं दोन्ही हात मागे नेऊन तळवे भिंतीला लावले होते. मी ओठ न हलवता विचारलं, काय करतीयस. ती म्हणाली, “कळंल तरी आधी.”

फीत कापली. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांना मी जेवढी घाबरले तेवढी नंतर कशालाच घाबरलेली नाही.

जीपगाड्या गेल्या तशी सरांनी माळा काढल्या, घडी करून मुलींच्या हातात दिल्या, आणि बाह्या वर केल्या.  वरच्या थरापासून, दोन्ही हातांनी. ऊन उतरायच्या आत ती सगळी भिंत थप्पीत आली. मोडलेली एक वीट नव्हती. इतकी स्वच्छ उतरलेली भिंत आमच्या शेडमध्येही कधी बघितली नव्हती, आणि जितकी ती सहज निघत गेली तितकी मी वळून वळून माळा धरलेल्या पोरी मोजत गेले. बदामवाली वीट खाली ठेवताना सोमनाथ रडला. चेष्टा करायला कुणी नव्हतं.

आप्पांनी शब्द पाळला. नव्या विटा आल्या, त्यांच्याच मळ्यातनं पाण्याचा टँकर आला. आम्ही विटा हौदात सोडल्या. वीट पाण्यात टाकली की बुडबुडे सोडते, बराच वेळ, घोट घोट प्यायल्यासारखी. पाचवीतल्या पोरी हौदाभोवती उभ्या राहून बघत होत्या. त्यांतल्या एकीनं रेश्माला विचारलं, हिला एवढी तहान का लागलीय. रेश्मानं तिलाच तांब्या भरून दिला.

सरांचा करार त्या वर्षी वाढला, पुढच्या वर्षीचं तेव्हा ठाऊक नव्हतं. जुन्या भिंतीचा फोटो, माळांसकट, आमच्या रांगेसकट, अजून शाळेच्या ऑफिसात आहे म्हणतात. जी भिंत उद्घाटनानंतर एक संध्याकाळही टिकली नाही ती काचेत कायमची उभी आहे. मी आता रांजणगावच्या एमआयडीसीत साइटवर सुपरवायझर आहे. तिथं बिहारचे मिस्त्री मला ‘मॅडम, हो गया’ म्हणतात आणि मी वरच्या थरातली वीट धरून ओढून बघते. ते हसतात. हसू देत. बापूंच्या छापखान्यासाठी मी अजून पत्रकं लिहिते, पण प्रत्येक ओळ लिहून झाली की तिच्यावरही हात ठेवून बघते, ही नुसती बसलीय की धरलीय.

एसटी चौफुला मागे टाकून दौंडच्या जवळ आली तेव्हा मला राहवलं नाही. मी त्या मुलीला विचारलं, “बांधकामाला आहेस का? बोत्रे सर आहेत अजून?”

“हायेत की,” ती म्हणाली. ओळंब्याची दोरी तिनं बोटाला गुंडाळली. “तुम्हांला कसं म्हाईत?”

मी म्हटलं, ऐकलंय. मग विचारलं, मुलींच्या संडासापुढची भिंत?

“हाय की. पहिल्या दिवशी सर स्टूल घेऊन तिच्यापाशी नेत्यात आमाला. वरची वीट काढून बघा म्हन्त्यात. समद्यांनी एकेकानं. आन् परीक्षेच्या आदल्या दिवशी परत. आज तेच झालं.”

“निघाली का?”

“न्हाई निघत. कुनाच्याच हातनं निघाली न्हाई अजून.”  हाताची बोटं उघडून तिनं बघितली. शेंड्यांना लाल ओरखडे होते. “पन मी जोर लावते ना ताई, तवा लई भ्या वाटतंय. वाटतंय, माझ्याच हातनं निघंल.”

मी तिला धीर द्यायला हवा होता. काळजी करू नकोस, असं काहीतरी. तोंडापर्यंत आलंही. पण माझ्याही आत तेच भ्या होतं, तेवढंच, इतक्या वर्षांनंतर.

“वाटू दे,” मी म्हटलं. “ओढत राहा.”